आतोबांची मोटार आणि न मोजलेली मुलं

मोटार धावण्यासाठी असते, हे आमच्या आतोबांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांच्या मते मोटार ही मुलाबाळांना घेऊन ठिकठिकाणी थांबण्याची वस्तू होती. मधूनमधून ती चालते, ती केवळ पुढच्या झाडाची सावली गाठायची असते म्हणून. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सोलापुरात वकिली करत आणि शुक्रवार पेठेत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहत. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती टपाची मोटार घेतली, तेव्हा अख्खी पेठ ती बघायला लोटली होती. आत्या तिला 'माझी सवत' म्हणे. आतोबा तिला 'बाई' म्हणत, आणि तेही इतक्या अदबीनं, की कोर्टात जज्जसाहेबांशीसुद्धा ते तसे बोलत नसावेत. चढ आला की मोटार थांबवून ते मागं वळत आणि हळू आवाजात सांगत, "बाई दमलीय. उतरा सगळे." मग आम्ही पोरं चढ चालून जायचो आणि बाई एकटीच रिकामी वर यायची. उतारावरही आम्हाला उतरवत, कारण उतारावर बाईचा भरवसा नसे.

अकलूजच्या बाजूला त्यांच्या थोरल्या भावाचा ऊस होता. थंडीत तिकडं गुऱ्हाळ लागलं की पोरांना घेऊन जायचं, हा आतोबांचा नेम. पोरं म्हणजे त्यांची एकुलती माली, मी, माझे दोघे भाऊ आणि शेजारच्या विणकरांचा नरसू. हा घरात तेलुगू बोले आणि गल्लीत आमच्यापेक्षा फर्डं मराठी. निघण्याआधी दोन दिवस आत्याच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसे. परगावचं पाणी पोरांना बाधतं म्हणून घरच्या पाण्याच्या कळश्या, हिंग, ओवा, सुंठ, वेखंड, कंदील, दोरखंड, शेगडी, कोळशांचं पोतं, आणि एका वर्षी तर चक्क पाटा-वरवंटा. "अहो, आपण गूळ खायला निघालोय की संसार थाटायला?" असं आत्यानं विचारलं, तर म्हणाले, "वाटेत पोरांचं पोट दुखलं आणि सुंठ उगाळायला काही नसलं तर?" आत्यानं कपाळाला हात लावला. पाटा आला. तो माझ्या पायांखाली होता, म्हणून चांगला लक्षात राहिला आहे.

आणि चाल तरी काय होती म्हणता! मोहोळच्या अलीकडे एकदा मागून आलेली बैलगाडी आमच्या पुढं निघाली. गाडीवान जाता जाता काळजीनं म्हणाला, "काय वकीलसायेब, बिगाडली का काय मोटार?"

"छे, चालू आहे," आतोबा म्हणाले.

"चालू हाय व्हय?" असं म्हणून त्यानं पुन्हा एकदा चाकांकडं निरखून पाहिलं आणि बैलांना हाक दिली. आतोबांना यात काही कमीपणा वाटला नाही. उलट त्यांनी भोंगा वाजवून त्याला वाट दिली. भोंगा ते फार वाजवत. माणूस दिसो न दिसो, वळणावर, ओढ्यावर, बोरीच्या झुडपापाशीसुद्धा वाजवत, कारण झुडपामागं एखादं लेकरू खेळत असलं तर? आतोबांच्या सगळ्या प्रवासाचा जीव या 'तर'मध्ये होता. आम्हाला तेव्हा त्याचं हसू यायचं. आता माझीही पोरंबाळं आहेत, आता येत नाही.

धुळीचं तर विचारूच नका. शहराची हद्द संपली की मोटार थांबे आणि आतोबा आपल्या हातांनी एकेका पोराच्या डोक्या-तोंडाभोवती ओला पंचा गुंडाळत. उघडे फक्त डोळे. सगळे पंचे एकाच ताग्यातले, त्यामुळं मागं बसलेलं कोण कुठलं ते त्या पोराच्या आईलाही सांगता आलं नसतं. नरसू समजून आत्यानं माझ्या भावाला चापट मारल्याचा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे, आणि नरसूचा तो हसरा डोळाही.

एवढं सगळं करणारा हा माणूस एक गोष्ट मात्र काही केल्या करत नसे. पोरं मोजत नसे. माझे वडील निरोप द्यायला येत, तेव्हा दर वेळी म्हणत, "अहो, प्रत्येक मुक्कामाला पोरं तेवढी मोजून घेत जा." आतोबांचा चेहरा उतरे. "ते नाही जमायचं," एवढंच म्हणत. ग्रहणात जेवणारा माणूस, अमावस्येला मुद्दाम निघणारा, मांजर आडवं गेलं तर त्याला भोंगा वाजवून वाट देणारा! आणि हे असं का, ते मला आईनं एकदा सांगितलं, तेही स्वयंपाकघराचं दार लोटून. मालीच्या आधी आतोबांना दोन मुलगे होते. गावात प्लेगची साथ होती, घरोघर माणसं मोजायला कारकून फिरत होता. त्यानं दारात उभं राहून विचारलं, "मुलं किती?" आतोबांनी दोघांच्या डोक्यांवर हात ठेवला आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं, "दोन. दोन्ही वाघ." त्या साथीत दोघंही गेले. पुढं बऱ्याच वर्षांनी माली झाली, पण त्या घरात त्या मुलांची नावं पुन्हा कुणी उच्चारली नाहीत आणि आतोबांनी पोरं कधी मोजली नाहीत. आपण कौतुकानं मोजली म्हणूनच गेली, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. वकील माणूस, दुसऱ्याची साक्ष उभी चिरणारा. पण स्वतःच्या या साक्षीला त्यांनी एकही उलटा प्रश्न विचारला नाही.

मग पोरं सगळी आली की नाही, हे कळायचं कसं? त्याला त्यांनी तोड काढली होती. आत्या शेंगदाण्याचे लाडू करी आणि प्रत्येक थांब्यासाठी वेगळी टोपली भरे. जितकी पोरं तितक्या चिंध्यांच्या पुरचुंड्या. मोटार निघण्याआधी टोपली मागं फिरे, ज्यानं त्यानं एक पुरचुंडी उचलायची. टोपली रिकामी झाली की सगळे आले. एक उरली की कुणीतरी अजून बाभळीमागं आहे. मोजायला नको आणि चुकायलाही नको. थांबे इतके असत की पुढचे लाडू सुपारीएवढे होत, पण युक्ती कधी फसली नव्हती. आतोबांना तिचा फार अभिमान होता.

माली पाच वर्षांची होती त्या वर्षी ती फसली. टेंभुर्णी मागं टाकून आम्ही माळावरच्या एका विहिरीशी थांबलो होतो. तिथं धनगरांचा तळ पडला होता. कोकरं पाटीखाली डालून ठेवलेली, त्यांचं बें-बें चाललेलं, आणि एक धनगरीण चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. तिची पोर ठकी, मालीएवढीच, कमरेवर हात ठेवून मोटारीकडं बघत होती. आम्ही हुंदडत होतो. आतोबा बाईला पाणी पाजत होते. माझ्या धाकट्या भावाला मळमळत होतं म्हणून आत्या त्याला घेऊन पुढं बसली होती. एवढ्यात भोंगा वाजला आणि एकच पळापळ झाली. सगळे चढलो, पंचे वर ओढले, धाकट्याची पुरचुंडी आत्यानं काढून घेतली, टोपली मागं फिरली आणि रिकामी परत गेली. आतोबा म्हणाले, "झालं. चला बाई," आणि निघालो.

बरंच अंतर गेल्यावर आतोबांनी नेहमीसारखं मागं न बघता विचारलं, "माले, झोप आली का गं?"

मालीच्या जागेवरून पंच्यातून आवाज आला, "न्हाय. लाडू लई ग्वाड हाय की!"

मोटार थांबली. आतोबा खाली उतरले, मागं आले आणि त्यांनी तो पंचा सोडला. आत ठकी होती. तोंडाला लाडवाचा चुरा, मोटारीत बसायला मिळाल्याचा आनंद डोळ्यांत मावत नव्हता. झालं होतं ते एवढंच, की मालीला कोकरू हातात घ्यायचं होतं आणि ठकीला मोटारीत बसायचं होतं. दोघींनी पंचा आणि कोकरू यांची अदलाबदल केली होती. पाच वर्षांच्या पोरींचा सौदा तो, दोघींनाही रास्त वाटला.

मी आतोबांकडं पाहिलं आणि मला रडूच फुटलं. माणसाच्या तोंडावरचं रक्त असं सगळं खाली उतरतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आत्या पुढून एकदाच म्हणाली, "अहो, विहीर..." आणि पदराचा बोळा तोंडात धरून बसली. ती उघडी विहीर आम्हा सगळ्यांच्याच डोळ्यांपुढं उभी होती. कठडा नव्हता तिला.

मग आमच्या आतोबांनी मोटार वळवली, आणि जी पिटाळली म्हणता! खड्डा नाही, चढ नाही, ओढा नाही. पाटा माझ्या पायांवर आदळत होता. कळशी फुटल्यासारखा आवाज झाला आणि पाणी मागं वाहत गेलं. बाई दमली का, हे कुणी विचारलं नाही. भोंग्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. ठकी तेवढी खूश होऊन ओरडत होती, "अजून पळवा! अजून!"

विहिरीच्या अलीकडेच रस्त्यावर ती धनगरीण दिसली. मेंढरं, चूल, भाकरी सगळं तसंच टाकून ती मोटारीच्या चाकोरीवरून अनवाणी धावत येत होती. कडेवर माली होती, आणि मालीच्या हातात कोकरू. मोटार थांबायच्या आधीच ती ओरडली, "आवं मालक, माजी ठकी कुटं हाय? ठकी हाय का तुमच्यात?" ठकी उभी राहून हात हलवू लागली. त्या माउलीनं मालीला आत्याच्या ओटीत घातलं, ठकीला खाली ओढलं, आधी दोन धपाटे घातले आणि मग उराशी धरून तीच रडायला लागली. आत्यानं मालीचं तोंड, हात, पाय, सगळं चाचपून पाहिलं.

माली मात्र कोरडी ठणठणीत होती. धनगरीण डोळे पुसत म्हणाली, "लेक न्हाय तुमची, वाघीण हाय. रडली न्हाय बगा. मी इचारलं, 'बाबा कुटं गं तुजा?' तर म्हनती, 'येतील. पन लई हळू येत्यात.'"

एरवी यावर केवढं हसलो असतो. आतोबांचे हात सुकाणूच्या चाकावरून सुटत नव्हते. धनगरीण जवळ आली, मालीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि सहज, बायका विचारतात तसं, त्यांना विचारलं, "किती हायती मालक लेकरं तुमाला?"

आत्यानं मान फिरवली. आतोबा खाली उतरले. त्यांनी ठकीच्या ओच्यात उरलेल्या सगळ्या टोपल्यांमधले लाडू ओतले, त्या धनगरणीपुढं हात जोडले, आम्हाला एकेकाला उचलून जागेवर बसवलं आणि आमच्या तोंडावरचे पंचे काढून टाकले. लाडवाची टोपली फिरली नाही. पायरीवर उभं राहून, टोपी हातात घेऊन, शाळेत मास्तर हजेरी घेतात तशी त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली.

"वसंता," ते म्हणाले.

या नावाचं आमच्यात कुणी नव्हतं. आम्ही एकमेकांकडं बघू लागलो. नरसू काही बोलणार होता, मी त्याचा हात दाबला. आतोबा थांबून राहिले होते.

"हो," पुढून आत्या म्हणाली.

"दिगू."

"हो." या वेळीही आत्याच म्हणाली.

"माली."

"हो बाबा," माली म्हणाली. मग माझं नाव आलं, भावांची आली, नरसूचं आलं. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं, आणि आतोबा चाकामागं जाऊन बसले. मला ती मुलं कोण ते ठाऊक होतं. त्यांची नावं मात्र मी पहिल्यांदा ऐकली होती. फार साधी नावं होती, चारचौघांत असतात तशी.

पुढं बाई होती तोवर आमचे पुष्कळ प्रवास झाले, तितकेच संथ. पण दर थांब्याला हजेरी होई, पहिल्या दोन नावांना आत्या हो म्हणे, आणि आम्हालाही त्याची इतकी सवय झाली की त्यात काही वेगळं वाटेनासं झालं. कधी गल्लीतलं एखादं नवं पोर आमच्याबरोबर येई आणि हळूच विचारी, "वसंता आणि दिगू कुठायत गं? दिसत नाहीत ते."

तेव्हा मालीच त्याला सांगायची, "आहेत. ते आईजवळ पुढं बसतात."