थोडं भरा, थांबा, बघा

संशोधन केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांना सगळे सबुरीकाका म्हणत, तोंडावरसुद्धा. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. हा माणूस चहाचासुद्धा आधी एक घोट घ्यायचा, कप खाली ठेवायचा, आत सगळं ठीक आहे ना याची खात्री करायचा आणि मगच पुढचा घोट घ्यायचा.

पण ती खुर्चीच तशी होती. भिंतीपलीकडे एक भलीमोठी गोल नळी, तिच्यातली हवा पार काढून टाकलेली, आणि त्या पोकळीत इलेक्ट्रॉनचे पुंजके जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असायचे. ही रिंग भरायचं काम काकांचं. पुंजके थोडे असले की कुणाचं कुणाशी वाकडं नसतं. गर्दी वाढली की पंचाईत. पुढचा पुंजका जाताना नळीच्या भिंतीत आपली खळबळ मागे ठेवून जातो, ती मागच्याला हलवते, तो त्याच्या मागच्याला. ही थरथर एकदा का हाताबाहेर गेली, की पापणी लवायच्या आत सगळा बीम, म्हणजे पुंजक्यांचा तो अख्खा झोत, भिंतीवर आदळून नाहीसा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून भरत बसावं लागतं. म्हणून काका थोडं भरत, थांबत, पडद्यावरची थरथर दाखवणारी रेघ शांत झाली की पुन्हा थोडं भरत. प्रयोगासाठी ताटकळलेले शास्त्रज्ञ दाराशी येरझाऱ्या घालत. काका ढिम्म. त्यांच्या हातून बीम क्वचितच जायचा, आणि त्याचा त्यांना चांगलाच गर्व होता.

घरी मात्र ही मात्रा चालत नसे. "हे घर आहे, तुमची रिंग नाही," असं म्हणून काकू अख्खा गोतावळा एकदम घरात घ्यायच्या. कुणाचं बिनसलं की एकाला हसवून, दुसऱ्याला दटावून मोकळ्या व्हायच्या. मग काकू गेल्या. घर इतकं गप्प झालं की फ्रिज घुमायला लागला तरी काका दचकत.

वर्षभराने मुलाचा फोन आला. "बाबा, आम्ही तुमच्याकडेच राहायला यायचं म्हणतोय. तिघंही. कायमचे."

काकांना इतका आनंद झाला की भीतीच वाटली. हे बिघडलं तर? सूनबाईंना आपला खोकला, आपल्याला नातीचा, छोटीचा दंगा, मुलाला दोन्हीकडची गाऱ्हाणी. हे टिकायलाच हवं होतं. मग त्यांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं.

"आधी तू एकटा ये," ते म्हणाले. "थोडे दिवस राहा. घडी बसली की सूनबाईंना आण. आणि सगळ्यात शेवटी छोटीला."

मग मुलगा म्हणाला, "बघतो."

काकांनी लगोलग छोटीसाठी पलंग आणला, खिडकीपाशी लावला, चादर घातली. कुणीच आलं नाही. मुलाने त्याच्याच शहरात मोठं घर घेतल्याचं कळलं, तरी काकांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यांना फार वाईट वाटलं, आणि कहर म्हणजे तेच मुलावर रुसून बसले.

पुढे रिंगला नवी फीडबॅक यंत्रणा बसली. एखादा पुंजका हलला की ती ते ताबडतोब ओळखायची आणि तो फिरून आला की उलट्या बाजूने हलकासा धक्का देऊन त्याला सावरायची. "काका, आता थांबायचं नाही. भरत राहा," इंजिनियरबाई म्हणाल्या. काकांनी जीव मुठीत धरून भरायला घेतलं. रेघ थरथरली. त्यांचा हात आपोआप मागे आला. "भरा," बाई पुन्हा म्हणाल्या. रेघ उसळली, आणि खाली बसली.

थरथर आली नाही असं नव्हतं. आली, आणि सावरली गेली. सगळे टाळ्या वाजवत होते. काकांना काकू आठवल्या, आणि पाठोपाठ मुलाचा तो "बघतो". पोराने बापाच्या घरात जागा मागितली होती आणि बापाने त्याला रांगेत उभं केलं होतं, हे त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

संध्याकाळी बूटही न काढता ते छोटीच्या पलंगावर बसले आणि फोन लावला. छोटीनेच उचलला.

"आजोबा, माझा नंबर आला का?" तिने विचारलं.

"आला गं. सगळ्यांचाच आला. बाबांना दे."

मुलगा आला. "तिघंही एकदम या," काका म्हणाले. "माझं चुकलं. वाटलं, एकदम आलात तर काहीतरी बिनसेल आणि परत जाल. तुम्ही नको होतात असं नव्हतं रे."

मुलगा म्हणाला, "आता छोटीची शाळा इथे आहे, बाबा. ती रमलीय." मग त्याचा आवाज मऊ झाला. "तुम्हीच या ना इकडे. नोकरीही संपत आलीय तुमची. एक खोली ठेवलीय आम्ही. सामान घेऊनच या."

पुन्हा तोच आनंद, आणि तीच भीती.

"येतो ना," काका म्हणाले. "येतोच. आधी दोन दिवस राहून बघतो, मग हळूहळू..."

ते थांबले. पण बोलून झालं होतं.

"बरं," मुलगा म्हणाला. "तुमच्या सवडीने या." आणि त्याने फोन ठेवला.

खिडकीबाहेर अंधार पडला तरी काका त्या छोट्या पलंगावर तसेच बसून होते, पायात बूट घालून.