गाडीभर कापसाची केस

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर न देणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण त्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा धाकटा दीर होता. अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात ते व्यवस्थापक होते. मालकांनी त्यांना एकदा दूरच्या शहरात नव्यानं निघालेल्या मॅनेजमेंटच्या संस्थेत धाडलं. तिथं अमेरिकन प्राध्यापक शिकवत. जाताना काका धोतर नेसून गेले आणि परतले ते टाय बांधून. सोबत एक प्रश्न घेऊन आले: "तुम्ही काय केलं असतं?" तिथं म्हणे व्याख्यानं नसतातच. एखाद्या कंपनीची अडचण सांगायची, तिला केस म्हणायचं, आणि सगळ्यांनी वाद घालायचा. उत्तर गुरुजी देत नाहीत, कारण एकच बरोबर उत्तर नसतंच. हे तत्त्व काकांच्या इतकं अंगात मुरलं की घरातही त्यांच्याकडून उत्तर मिळेनासं झालं. आत्यानं विचारलं, "भाऊजी, वांग्याची भाजी करू का वरण-बट्टी?" की काका टाय सारखा करून म्हणत, "वहिनी, प्रत्येक पर्यायाचे परिणाम मांडा." आत्या परिणाम मांडत असे. "परिणाम असा, का तुमी उपाशी रायसान." प्रशिक्षणानंतर त्यांनी वऱ्हाडी बोलणंही सोडलं होतं. फार रागावले तरच ती बोली परत येई, आणि रागावणं त्यांना जमत नसे.

पुढं त्यांनी कारखान्याच्या गोदामात संध्याकाळचा वर्ग काढला. पातूरचे एक तेलघाणीवाले, बाळापूरचे एक पाटील, कोर्टात फारसं काही न जमलेले एक वकील आणि कारखान्यातले दोघे-तिघे कारकून, असे विद्यार्थी. केस मात्र सगळ्या संस्थेतून आणलेल्या, म्हणजे मुळात अमेरिकेतल्या. मे महिन्यात, पत्रा तापून भाकरी भाजावी अशा त्या गोदामात, बर्फ उपसायची फावडी करणाऱ्या कारखान्याचा खप का घटला, यावर चर्चा चाले. एकदा पाटलांना राहवलं नाही. "सर, मले एक सांगा. तिथं बरफ फुकट पडते, अन् लोक ते उचलून फेकून देतात?"

"हो."

"मंग फावडे काहून विकून राहिले? बरफच विका ना बावा!"

उरलेला तास बर्फ अकोल्याला कसा आणावा यात गेला. काकांना ती चर्चा फार आवडली, पण त्या दिवसापासून त्यांच्या मनानं एक घेतलं. आजवर विद्या तिकडून इकडे आली. आता आपली एक तरी केस इकडून तिकडे गेली पाहिजे. तिथल्या गोऱ्या मुलांनी बाकावर बसून अकोल्याच्या कापसावर डोकं खाजवलं पाहिजे. ते स्वतः केस लिहू लागले. "एका शहरात एक आडते होते" असं त्यांनी वाचायला घेतलं, की वर्ग ते दलाल कोण हे ओळखून त्यांच्या घरच्या भानगडी सांगू लागे, आणि केस तिथंच संपे.

अखेर त्यांच्या अमेरिकन प्राध्यापकांनी वर्ग बघायला यायचं कबूल केलं. नाताळच्या सुट्टीत मी अमरावतीहून आत्याकडे आले होते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून दुभाषी मीच. माझं इंग्रजी चांगलं होतं, पण ते मी शक्यतो कुणाशी बोलत नसे. मराठीचंही तसंच होतं. काका आदल्या दिवशी तीनदा येऊन म्हणाले, "घाबरू नकोस. त्यांना आवडलं, तर आपली केस तिकडे जाईल."

साहेब आले. उंच, हसरे, सारखा घाम पुसणारे. त्यांनी विचारलं, इथं कापसाचा भाव कसा ठरतो? पाटील उठले. त्यांची कापसानं भरलेली गाडी बाहेरच उभी होती. त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला, वर आपला शेला टाकला आणि शेल्याखाली बोटं दाबून भाव सांगितला, म्हणजे बघणाऱ्याला काही कळत नाही. मी हे भाषांतर करून सांगेपर्यंत साहेबांनी खूश होऊन, त्यांच्या देशातल्या रीतीनं, पाटलांचा हात पकडून तीनदा जोरात हलवला.

"सौदा झाला," पाटील म्हणाले आणि गाडीचे बैल सोडायला बाहेर निघाले.

मी सांगितल्यावर साहेब हसत सुटले. हा तर खेळ होता, म्हणाले. पाटील हसले नाहीत. शेल्याखाली दिलेला हात त्यांच्या तीन पिढ्यांत कुणी मागं घेतला नव्हता. वर्ग पेटला. वकील म्हणाले, समजून दिलेला होकार नाही, सौदा रद्द. तेलघाणीवाले म्हणाले, "हात हलवला का नाई? मंग?" इतकी सुंदर चर्चा त्या गोदामात कधी झाली नव्हती. आणि मग सगळे काकांकडे वळले. साहेबांचा हसरा चेहराही आता जरा आक्रसला होता. सौदा मोडावा तर पाटलांचा शब्द जातो. टिकवावा तर पाहुणा दुखावतो, आणि केस जागच्या जागी राहते. मला वाटलं, काका आता पर्याय मांडायला लावतील. त्यांनी टाय सैल केला.

"पाटील, गाडी सोडा. कापूस मी घेतला," ते म्हणाले. "हात आपल्या वर्गात देल्ला हाय. तो रिकामा कसा जाईन?"

मी याचं भाषांतर केलं, पण ते इंग्रजीत नीट बसलं नाही. साहेब जाताना मला म्हणाले, हा माणूस चांगला आहे, पण व्यवहारी नाही. ते मी काकांना सांगितलं नाही.

त्या कापसाची सरकी काढून काकांनी वर्गासाठी गाद्या भरून घेतल्या. साहेबांकडून काही आलं नाही. पुढं अमरावतीला एका कॉलेजात मॅनेजमेंटचा विभाग निघाला, पदवी देणारा, आणि काकांचा वर्ग ओस पडला. गाद्या विद्यार्थ्यांच्या घरी गेल्या; एक माझ्या वाट्याला आली.

मागच्या वर्षी त्या विभागातलं एक व्याख्यान ऐकायला मी काकांना घेऊन गेले. परदेशातून शिकून आलेले तरुण प्राध्यापक इंग्रजीतली केस मराठीत समजावून सांगत होते. भारतातल्या एका कापसाच्या गावी एक परदेशी पाहुणा येतो, रुमालाखाली हात हलवतो. काका ताठ बसले. केसमध्ये त्यांचं नाव नव्हतं. 'भावनेच्या भरात निर्णय घेणारा स्थानिक संयोजक' एवढंच होतं. गाव कुठलं, हे प्राध्यापकांनाही ठाऊक नव्हतं.

"मागचे काका, तुम्ही काय केलं असतं?"

काका उठले. "गाडी घेतली असती सर. गाद्या भरल्या असत्या."

मुलं हसली. प्राध्यापक आदरानं म्हणाले, गाद्यांचा पर्याय केसमध्ये नाही.

परतीच्या बसमध्ये अमरावती मागं पडली. मग काका म्हणाले, "गेली ना पण तिकडे?"

"गेली, काका."

टाय त्यांनी केव्हाच सोडून खिशात घातला होता. "अन् खरं सांग पोरी, मी दुसरं काय करायले पायजे होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी उत्तर हवं म्हणून विचारला, तो त्या दिवशीच. मी नेहमीसारखी थोडंच बोलले.

"तेच," मी म्हटलं.