पांढऱ्या चिठ्ठीची रांग

नागपुरातल्या एका प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात गिरिधरने बावीस वर्षं उंदरांची सेवा केली. सेवाच म्हणायची, पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी करणं. माणसांशी तो जेमतेम बोले, उंदरांशी मात्र दिवसभर.

यंदा तिथल्या संशोधक नूपुर मॅडमचा प्रयोग होता. एका रांगेतल्या उंदरांना खाण्यातून संत्र्याच्या सालीतून काढलेली पूड. त्या पिंजऱ्यांना हिरवी चिठ्ठी. दुसऱ्या रांगेला साधं खाणं, पांढरी चिठ्ठी. मग दोन्ही रांगांना फुप्फुस सुजवणारं द्रव्य दर आठवड्याला नाकातून द्यायचं, आणि पुडीने फुप्फुसाची प्रतिकारशक्ती सावरते का ते बघायचं. मॅडमनी त्याला हे नीट समजावलं होतं. त्याला समजलंही होतं, हीच तर पंचाईत.

पांढऱ्या रांगेतले उंदीर अंगाचा गोळा करून धापा टाकू लागले, हिरव्या रांगेतले मात्र निवांत होते. गिरिधरची बायको कौशल्या दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्याच दुखण्याने गेली. तीही शेवटी अशीच वाकून बसायची, आणि त्याला काही करता आलं नव्हतं. इथे तर औषध त्याच्या जेवणाच्या डब्यातच होतं. संत्र्यांचा मोसम, फोडी तो खायचा आणि साली बारीक तोडून पांढऱ्या रांगेत टाकायचा. शेवटी सगळेच मारून तपासायचे, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण तोवर तरी सुखाने श्वास घेऊ देत, एवढंच त्याच्या मनात होतं.

निकाल आला. दोन्ही रांगा सारख्या. पुडीचा उपयोग नाही, असं लिहायची वेळ आली. या पुडीसाठी दोन वर्षं राबलेल्या मॅडमचे डोळे भरून आले, तेव्हा गिरिधरला राहवलं नाही.

"मॅडम, पांढऱ्या रांगेत संत्र्याच्या साली मी टाकून राहिलो होतो. मले त्यायची धाप पाहवत नव्हती."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळे पुसून म्हणाल्या, "काका, आता सगळं पुन्हा करावं लागेल. नवे चाळीस उंदीर."

गिरिधरने मनाशी हिशेब केला. वीस जणांना आराम द्यायला गेला आणि आणखी वीस जणांच्या नशिबी त्याच धापा लिहून बसला.

नवे उंदीर आले. पांढऱ्या चिठ्ठ्या त्यानेच चिकटवल्या. त्या मोसमात त्याने पुन्हा संत्र्याला हात लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या रांगेत धापा सुरू झाल्या. स्टूल ओढून तो समोर बसून राहिला, कौशल्याजवळ बसायचा तसा. त्यांच्याशी बोलायला मात्र त्याला तोंड उरलं नव्हतं.