हात वर न्यायचं आसन
मी मुलीला मारलं ते हिंदीवरून. गुढियारीच्या आमच्या घरात मी मराठीत विचारायचो आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. रायपुरात वाढलेली आमची बहुतेक पोरं अशीच बोलतात, त्यात नवल काही नव्हतं. पण त्या दिवशी नागपूरहून आलेले माझे वडील म्हणाले, "पोट्टी तुही, अन् भाषा भलत्याचीच." माझं डोकं फिरलं. हात डोक्याच्या वर गेला आणि पूर्ण ताकदीनं तिच्या डाव्या कानशिलावर पडला. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये मी पंधरा वर्षं सांडशीनं लाल लोखंड ओढलंय. त्या हातात किती जोर आहे हे मला ठाऊक होतं. ती पलंगाच्या काठावर आपटली. कानातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय.

बायको ओरडली नाही. "आता तिले हात लावला तर मी तिले घेऊन माहेरी जाते," एवढंच म्हणाली. "मंग बसा मराठी बोलत भिंतीसंगं."

राग जावा म्हणून मी मोबाईलवर बघून योग सुरू केला, तोही रागारागानं. सकाळी गच्चीवर चटई टाकली की थेट पश्चिमोत्तानासन: पाय लांब करून अंगठे धरायचे आणि कपाळ गुडघ्यांना टेकवायचं. ते टेकत नसे. मग मी स्वतःच्याच पाठीला शिव्या घालत ओढायचो. आठव्या दिवशी मांडीमागं काहीतरी कटकन तुटलं. मी चटईला लाथ घातली आणि पाण्याची बादली भिंतीवर फेकली. खाली मुलीनं खोलीची कडी लावल्याचा आवाज आला.

लंगडत कामावर गेलो तर आमचे म्हातारे मिस्त्री हसले. त्यांना सगळं सांगितलं, कानाचंही. मग ते हसले नाहीत. "ठंडा लोहा रोल में डालेगा तो क्या होगा?" त्यांनी विचारलं. ते मी पाहिलं होतं. नीट न तापलेली सळई दाबणाऱ्या रोलमधून उसळून बाहेर येते; माझ्यासमोर एकाच्या पोटरीतून ती आरपार गेली होती. "एक-एक पास में, रोल के हर फेरे में, थोड़ा-थोड़ा दबाते हैं न? शरीर को भी वैसे ही ले. हव?"

मग मी कागदावर क्रम मांडला. आधी मान आणि खांदे, मग ओणवं होऊन पाठ मांजरासारखी वर-खाली, मग ताडासनात हात डोक्यावर, मग उभ्यानं वाकणं. पश्चिमोत्तानासन पार शेवटी आणि त्यानंतर शवासन. महिन्याभरात कपाळ गुडघ्यांपासून वीतभर राहिलं. रागालाही क्रम असतो हे तेव्हाच कळलं: आधी जबडा आवळतो, मग मान, मग खांदा, मग मूठ. मिलच्या गेटवर एका ट्रकवाल्यानं आईवरून शिवी दिली, तेव्हा मी त्याची कॉलर धरली आणि सोडून दिली. घरी येताना मी स्वतःवर भलताच खूश होतो.

त्याच आठवड्यात मी ताडासनात हात वर नेत असताना मुलगी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आली. तिनं माझे हात वर जाताना पाहिले आणि ती मटकन खाली बसली, डावा कान दोन्ही हातांनी झाकून. कपडे धुळीत पडले. मी तिच्याकडे एक पाऊल टाकलं तर ती जिन्याकडे पळाली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की शवासनात पडून मी रडलो.

दुसऱ्या दिवशी क्रम पुन्हा लिहिला. हात खांद्याच्या वर नेणारं प्रत्येक आसन खोडलं. खांदे आखडत गेले, पण तसंच चालू ठेवलं.

काही महिन्यांनी एका सकाळी ती जिन्याच्या दाराशी थांबली. "पापा, वो हाथ ऊपर वाला क्यों नहीं करते?"

"तू भेते म्हणून."

तिनं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "करो. धीरे करो."

मी हात बाजूंनी उचलले. ते खांद्याच्या वर गेले तसा तिनं कान झाकला. पण ती बसली नाही, पळालीही नाही. तळवे डोक्यावर जुळले. आखडलेले खांदे दुखले. पाच श्वास थांबून मी ते हळूहळू खाली आणले. ते मांड्यांपाशी टेकले तेव्हाही तिनं कान सोडलेला नव्हता.