नवरीचं आधीचं नाव

लग्नाला जाऊन नवरा-नवरीकडे ढुंकूनही न पाहणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या हिचे थोरले मामा. दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी शिरूर-दौंड पट्ट्यातलं कुठलंही लग्न, आमंत्रण असो वा नसो. मांडवात शिरले की मामा थेट म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात बसायचे आणि विचारायचे, "आजी, माहेरचं नाव काय तुमचं?" आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात आणि जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याआतच राहतं. त्या बायकांना हे वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नसायचं. आधी त्या पदराआड हसायच्या, मग अशा काही सांगत सुटायच्या की पंगती उठल्या तरी मामा उपाशीच.

घराण्याचा इतिहास शोधायचं हे वेड. वाण्यानं जुन्या वर्तमानपत्रात ओवा बांधून दिला, तर ओवा दुकानातच सांडून मामा पुडीचा कागद वाचायला लागत. "पेपरात लग्नं छापायची ती सरदारांची आन् वकिलांची," ते म्हणत, "आपलं नाव यायचं ते विहिरीच्या भांडणात!" आणि खरोखरच एका पिवळ्या कागदावर त्यांना स्वतःच्या आजोबांचं विहिरीवरचं भांडण सापडलं. मामांनी ऑफिसभर पेढे वाटले. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पोरगं पास झालं तवा बत्तासं आणल्यालं ह्यांनी!"

आम्ही हसायचो खरे, पण मामांना शोधायची होती ती आई. ते तान्हे असतानाच ती गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि तिच्या माहेराशी येणं-जाणं तुटलं. मामांजवळ तिचं म्हणून एवढंच उरलं होतं, श्राद्धाला घ्यायचं नाव, सरस्वती. ती कुठली, कुणाची, सांगणारं कुणी नव्हतं. शेवटी शिरूरच्या जोशीबुवांकडे लग्नांच्या नोंदींचं जुनं बाड निघालं. त्यात मामांच्या वडिलांचं नाव होतं आणि पुढं नुसतं, 'मुलगी भांडगावची'.

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन मामा भांडगावात. दारोदार एकच प्रश्न, "सरस्वती हितलीच का?" आणि दारोदार एकच उत्तर, "न्हाई बा." उन्हं कलली तेव्हा मामा एका ओट्यावर मटकन बसले. तिथं एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "येडं का खुळं तुमी? सरस्वती हे सासरचं नाव. हितं कोन वळखनार? शिरूरला कुणाच्या घरात दिल्याली, ते सांगा."

साऱ्या जगाला माहेरचं नाव विचारणारा माणूस आईच्या माहेरी तिचं सासरचं नाव घेत दिवसभर हिंडला होता! मामांनी ओशाळून वडिलांचं नाव सांगितलं. म्हातारीच्या मांडीवरचं सूप कलंडलं.

"चिमाक्काचा तू? आरं, माझ्या थोरल्या बहिनीचा! मी मावशी तुझी!"

माय मरो, मावशी जगो, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. मामा तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसून रडले. मीही रडलो, त्यात लपवायचं काय? "किती वाळलायस रं," म्हणत मावशीनं त्यांना पुढ्यात बसवून जेवू घातलं आणि आईचं नाक असंच होतं म्हणून सांगितलं.

मावशी पुढं काही वर्षं होती. तेवढ्या दिवाळ्या मामांनी चुकवल्या नाहीत. नातवंडं असलेला, डोक्यावर केस न उरलेला हा गृहस्थ नवा सदरा घालून दौंडच्या एस.टी. स्टँडवर उभा असायचा. कुणी विचारलं, "मामा, कुठं निघालात?" की लहान मुलासारखा लाजायचा आणि म्हणायचा, "आजोळी."