कुंपणापलीकडच्या फांद्या

परसातल्या कडुनिंबाच्या खोडावर, कापलेल्या फांदीच्या जागी उमटलेला ओलसर पांढरा गोल... आणि त्याभोवती रेंगाळणारा कडवट, हिरवा गंध. माझ्या बालपणातला एक हिवाळा तिथूनच सुरू होतो.

नागपूरचं ऊन भिंतींतून घरात झिरपतं, म्हणून पश्चिमेच्या कुंपणालगत कोणतं झाड लावावं याचा बाबांनी कितीतरी दिवस विचार केला होता. गुलमोहर वादळात मोडतो, वडाची मुळं भिंत उचलतात. कडुनिंब मात्र नवी पालवी लेऊनच वैशाखाला सामोरा जातो. इतवारीतून आणलेल्या करवतीनं ते वर्षातून एकदाच, चहूबाजूंनी सारखी छाटणी करत. एका अंगानं छाटलं तर झाड कलंडतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या हिवाळ्यात पलीकडच्या बाजूच्या फांद्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. पलीकडे शांताकाकू एकट्या राहत. संधिवातानं आखडलेले गुडघे शेकायला त्या सकाळी अंगणात बसत, आणि नेमकी तेव्हाच आमच्या झाडाची सावली त्यांच्यावर पडे.

"माणूस लावून तोडून राहिली थे शांताबाई, दुसरं काय वं!" बाबा आईला म्हणाले.

तो संशय मलाही लागला. काकूंनी कुंपणावरून दिलेल्या संत्र्याच्या गोडीतसुद्धा मला लबाडी जाणवू लागली.

एके दुपारी शाळा लवकर सुटली. परसात आई स्टुलावर उभी — पदर खोचलेला, हातात करवत.

"काहून तोडून राहिली वं आई?"

ती दचकली. मग हळूच म्हणाली, "तिले ऊन पाहिजे. तुह्या बाबाले विचारलं होतं मी, नाही म्हणाले. तू बोलू नको कोणाजवळ."

रविवारी बाबांनी काकूंना कुंपणाशी बोलावून विचारलंच. काकूंनी त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आईकडे क्षणभर पाहिलं.

"हो गा भाऊ, मीच तोडवल्या."

आई एक पाऊल पुढे आली, मग वळून घरात गेली. मीही तिच्यामागे आत गेले. आठवड्याभरात कुंपणावर उंच पत्रे चढले आणि काकूंच्या अंगणातलं उरलंसुरलं ऊनही गेलं. उन्हाळ्याआधीच त्या जरीपटक्याला लेकीकडे निघून गेल्या... पुन्हा आल्या नाहीत. त्यानंतर आईच्या प्रत्येक मुकेपणाकडे मी संशयानं पाहत राहिले — ही अजून काय लपवते आहे?

शेवटच्या आजारपणात बाबा एकदा सहज म्हणाले, "शांताबाई तशी चांगली होती. झाडाच्या बाबतीतच खोटी निघाली." औषधाचा चमचा धरलेला आईचा हात थबकला. मी तोंड उघडणार, तोच तिनं माझ्याकडे पाहिलं... आणि मी खिडकी लावायला उठले.

बाबा गेले. आम्ही दोघी त्याविषयी कधीच बोललो नाही. मात्र नातेवाइकांत बसून मी जुन्या घराच्या गोष्टी सांगू लागले, की आई हातातलं काम थांबवते आणि माझं वाक्य संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राहते.