अण्णांनी गाळलेलं वाक्य

पाथर्डी फाट्याजवळच्या त्या चार मजली सोसायटीत रंगनाथ देवरे हे नाव फक्त लाइट बिलावर असायचं. बाकी सगळ्यांचे ते अण्णा. अंबडच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्वालिटीला. काम काय, तर मशीनवरून उतरलेला पार्ट उचलायचा, त्याला मापाचा गेज लावायचा आणि म्हणायचं, "पास" किंवा "रिजेक्ट". ही सवय इतकी अंगात मुरली होती की सुट्टीच्या दिवशीही गेज खिशात असल्यासारखंच वागणं. मंडईतली मेथी? रिजेक्ट. पुतणीसाठी देवळ्याहून आलेलं स्थळ? "पास. पण मुलाचा मामा जास्त बोलतो."

सोसायटीत कुणाच्या गाडीचा इन्शुरन्स संपत आला की कागद अण्णांकडे यायचा. रविवारी सकाळी, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर.

"अण्णा, फुल घेऊ का थर्ड पार्टी?"

"गाडी किती वर्षांची?"

"बारा."

"गाडीला आता किंमत राहिलीय का? दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेवढं सांभाळणारी थर्ड पार्टी बास. पास!"

सल्ला बहुतेक वेळा बरोबर असे, हे कबूल करायला हवं. पण लोक फक्त सल्ल्यासाठी थांबत नसत. अण्णा इन्शुरन्सवाल्या मुलीची नक्कल करत, आणि ती बघायला शेजारच्या बिल्डिंगमधलेही लोक कप घेऊन सरकत सरकत यायचे. अण्णा मिशीवरून हात फिरवायचे, मान तिरकी करायचे आणि एवढ्या दांडग्या गड्याच्या गळ्यातून साखरेत घोळलेला आवाज निघायचा:

"गुड मॉर्निंग सऽऽर, मी सृष्टी बोलतेय. आपली दोन मिनिटं घेऊ शकते का? सर, थोडेसेच जास्त भरून इंजिन प्रोटेक्ट ॲड करून देऊ? पावसाळा आहे सर... आम्हाला काळजी वाटते."

मग स्वतःच्या आवाजात, "म्हटलं बाई, माझ्या आईला वाटली नाही एवढी काळजी!"

टपरीवाल्या सुनीलच्या हातातलं गाळणं हलायचं इतका तो हसायचा.

जुलैतल्या अशाच एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या ललिता भोये मॅडम कागद घेऊन उभ्या होत्या. मॅडम मूळच्या पेठच्या डोंगरातल्या, त्या शिकवायच्या ती शाळाही तिकडेच. रोजचं जाणं-येणं शंभर किलोमीटरच्या वर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली होती. त्यांच्या अख्ख्या घराण्यात गाडीचं स्टिअरिंग धरणाऱ्या त्या पहिल्या. गाडी पुसताना त्या आरसेसुद्धा ओढणीने पुसायच्या.

"अण्णा, मलाही ते इंजिनचं विचारतायत. घेऊ का?"

सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघायला लागले. नुकतंच हसू पिकलेलं होतं, अजून एक पीक हाताशी होतं. अण्णा म्हणाले, "मॅडम, तुमची गाडी काय होडी आहे का?"

हशा झाला. मॅडमही हसल्या आणि त्यांनी पेनाने त्या ओळीवर काट मारली.

आता त्या टपरीवर कुणालाच माहीत नसलेली गोष्ट. आदल्याच दिवशी, शनिवारी दुपारी, अण्णांनी स्वतःच्या गाडीला इंजिन प्रोटेक्ट घेतलं होतं.

त्या मुलीला त्यांनी नेहमीप्रमाणे झाडायला सुरुवात केली होती. ती ऐकून घेत राहिली. शेवटी गोड आवाज खाली ठेवून साध्या आवाजात म्हणाली, "सर, गाडीत पाणी शिरलं आणि तुम्ही चुकून स्टार्ट मारलीत, तर इंजिन जातं. ते साध्या फुल पॉलिसीत बसत नाही. मी सांगितलं नाही असं नंतर म्हणू नका." अण्णा म्हणाले, "बरं बाळा, टाक."

फोन ठेवला आणि त्यांना कुणीतरी भर बाजारात टोपी उडवल्यासारखं झालं. अठ्ठावीस वर्षं भल्याभल्यांचा माल परत पाठवला, आणि एका पोरीने सात मिनिटांत आपल्याला पास करून घेतलं! ती लाज झाकायलाच दुसऱ्या दिवशीची नक्कल इतकी रंगली. फक्त नकलेत ते शेवटचं वाक्य नव्हतं.

सप्टेंबरात एका शनिवारी दुपारी दोन तासांत आभाळ रिकामं झालं. मागचा नाला पार्किंगमध्ये आला, गाड्यांच्या सीटपर्यंत चढला आणि संध्याकाळी चिखल ठेवून निघून गेला. रविवारी सकाळी सगळे खाली जमले. कुणीतरी म्हणालं, टो करून नेऊ या. अण्णांना त्या मुलीचं वाक्य आठवलं, पण सगळे बघत होते. ते म्हणाले, "काही होत नाही, बघा," आणि आपल्या गाडीला स्टार्ट मारली. आतून एकदा खडाक् आवाज आला, मग काहीच नाही. शेजारी मॅडमनी अण्णांचं ऐकून तोवर किल्ली फिरवली होती. तसाच आवाज.

दोन्ही गाड्या अंबडला बुद्धभूषणच्या गॅरेजमध्ये गेल्या. आठवड्याने तो अण्णांना म्हणाला, "तुमचं काम झालं अण्णा, इंजिन मंजूर. मॅडमचं नाय बसत. फक्त साफसफाई आणि वायरिंग मिळंल. इंजिन त्यांच्या पदरचं."

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. "मॅडमना माझं सांगू नकोस."

बुद्धभूषण खाली बघून पान्हा पुसत राहिला, पुसून झालेला पान्हा पुन्हा पुसायला लागला. अण्णांना वाटलं, हा आपल्याला गेज लावतोय.

संध्याकाळी जिन्यात मॅडम भेटल्या. "अण्णा, माझं नाकारलं. तुमचंही?"

"हं," अण्णा म्हणाले. एवढंसं 'हं'. पण वरच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबावं लागलं.

घरात अण्णांच्या पत्नी उज्ज्वलाबाई भाकरी थापत होत्या; जिन्यातलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्या सटाण्याच्या, रागावल्या की अहिराणीवर यायच्या. "हाई काय शे? ती बाई रोज सहा वाजता बस धराले पळस. सांगी टाका ना एकदाव!"

"तुला काय कळतंय त्यातलं."

"माले समदं कळस. 'बरं बाळा, टाक' कोन बोलनं व्हतं? आठेच, तुमना मांगे उभी व्हतू मी."

चार दिवसांनी मॅडमच दारात आल्या. हातात शाळेच्या वहीचा, समास सोडून लिहिलेला कागद. अक्षर असं की फळ्यावरून उचलून आणल्यासारखं. "कंपनीला अर्ज करतेय, अण्णा. एकटीचं कोण ऐकणार? म्हणून दोघांच्या नावाने लिहिलाय. तुम्ही वाचून सही करा. तुम्ही न वाचता सही करत नाही, मला माहितीये."

अण्णा वाचायला लागले. 'आम्हा दोघांनाही या सुविधेची नीट माहिती देण्यात आली नाही. आम्हा दोघांचेही दावे नाकारण्यात आले...' खाली दोन नावं. वय मोठं म्हणून त्यांचं वर.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मॅडम, मला सही करता येणार नाही."

"काही चुकलंय का? बदलते ना."

"अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलंय तुम्ही. खोटं मी बोललो." अण्णांची मान वर होईना. "माझं इंजिन मंजूर झालंय. मी ते घेतलं होतं."

"कधी?"

"तुम्ही टपरीवर विचारलं ना, त्याच्या आदल्या दिवशी."

मॅडमनी कागदाची एक घडी घातली. "म्हणजे ती नक्कल करत होतात, तेव्हा घेतलेलं होतं?"

"हो."

"ती मुलगी खरंच काय म्हणाली होती? तशीच करून दाखवा. पूर्ण."

"मॅडम..."

"करा. रविवारी तर न सांगता करता."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला नाही. मान तिरकी केली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "गाडीत पाणी शिरलं आणि तुम्ही चुकून स्टार्ट मारलीत, तर इंजिन जातं. ते साध्या फुल पॉलिसीत बसत नाही."

"एवढंच?"

"मी सांगितलं नाही असं नंतर म्हणू नका, असंही म्हणाली."

"मग हे टपरीवर का नाही केलंत?"

"हसलं नसतं कुणी."

मॅडमनी मान हलवली, चौथीच्या पोराने खरं कारण सांगितल्यावर हलवतात तशी. दारातल्या चपला घातल्या.

"माझी गाडी सोमवारी येतेय," अण्णा घाईने म्हणाले. "तुमची होईपर्यंत तुम्ही न्या. मला कंपनीची बस आहे."

"नको अण्णा. मला सहा दहाची मिळते."

सोमवारी अण्णांची गाडी आली. धुतलेली, नव्या आवाजाची. तिच्यावर त्यांनी कव्हर घातलं आणि रोज सकाळी मॅडम फाट्याकडे चालत गेलेल्या दिसेपर्यंत खिडकीतून हलायचे नाहीत.

त्यापुढच्या रविवारी टपरीवर गर्दी होती. कुणाचा तरी कागद आला होता. सुनील म्हणाला, "अण्णा, आधी ती पोरगी होऊन जाऊ द्या! सऽऽर, काळजी वाटते..."

वरच्या गॅलरीत मॅडम कपडे वाळत घालत होत्या. अण्णांनी कप खाली ठेवला.

"पोरगी बरोबर बोलत होती," ते आपल्या साध्या आवाजात म्हणाले. "इंजिनचं घ्या. मी घेतलेलं होतं, मॅडमच्या गाडीला होडी म्हणालो तेव्हासुद्धा. तुम्हाला नको म्हणून सांगितलं आणि मॅडमचं इंजिन गेलं."

लोक आता पुढे काहीतरी गंमत येणार म्हणून थांबले. सुनीलने गाळणं धरून ठेवलं. गंमत काही आली नाही. मग एकाने बिस्किटाचा पुडा फोडला, दुसऱ्याने फोन काढला.

वर मॅडमनी शेवटचा पिळा झटकला, चिमटा लावला आणि आत गेल्या. खाली बघितलं की नाही, ते अण्णांना कळलं नाही. ते वर बघत नव्हते.